काटेसाहेब आणि अठ्ठ्याहत्तरचा आकडा

काटेसाहेबांना माणसं आवडत नसत. त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते की माणसांनी आवडण्यासारखं ठेवलंय काय. तेहतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात नोकरी केली. दुकानदारांचे तराजू, पेट्रोलपंपांची मापं, कापडवाल्यांच्या पट्ट्या, दवाखान्यांतले वजनकाटे, सगळं तपासायचं, बरोबर असेल तर शिक्का मारून दाखला द्यायचा, नसेल तर जप्त करायचं, हे त्यांचं काम. या कामातून माणूस दोन गोष्टी शिकतो. एक, वस्तू अचूक कशी मोजावी. दुसरी, समोर येईल तो चोरच आहे असं कसं समजावं. साहेब पहिली बेताची शिकले. दुसरी मात्र त्यांनी अगदी घोटून पाठ केली.

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे, ते बाजाराने ठेवलेलं. समोर असताना दुकानदार ते अदबीने घ्यायचे आणि पाठ वळली की त्याला मागेपुढे आणखी काही शब्द जोडायचे. साहेबांच्या कानावर ते यायचे आणि त्यांना बरंच वाटायचं. चोर शिव्या देतात म्हणजे आपलं बरोबर चाललंय, एवढं सोपं त्यांचं गणित होतं. ते लाच घेत नसत, हे खरं, आणि ते कोणी नाकारू नये. पण न घेतलेल्या लाचेची भरपाई ते दुसऱ्या वाटेने वसूल करत. पन्नाशीच्या दुकानदाराला भर गिऱ्हाइकात उभं करायचं, त्याचंच झिजलेलं वजन त्याच्या तळहातावर ठेवायचं आणि 'किती ग्रॅम कमी आहे ते मोठ्याने सांगा' म्हणायचं, यात त्यांना जे सुख मिळे ते कुठल्याही पाकिटात मिळालं नसतं.

निवृत्त होऊन त्यांना चौदा महिने झाले होते. बाजार हातचा गेल्यावर ते घरावर घसरले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यांनी एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणून ठेवला आणि बाहेरून आलेली प्रत्येक पिशवी त्यावर चढू लागली. टोमॅटो तीस ग्रॅम कमी भरले म्हणून ते एकदा भर दुपारी परत बाजारात गेले आणि एक टोमॅटो हातात घेऊन विजयी मुद्रेने घरी आले. तेव्हापासून त्यांची बायको दोन गल्ल्या सोडून पलीकडच्या भाजीवाल्याकडे जाऊ लागली, कारण जवळच्याला तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. मुलगी लग्न होऊन लांब राहायला गेली होती. ती फोन करायची तो बाबा फिरायला गेले असतील अशी वेळ साधून. जावयाला साहेब 'नऊशे ग्रॅमचा किलो' म्हणत, आणि तेही त्याच्यासमोर.

ऑफिसात त्यांच्या खुर्चीवर आता जो बसला होता तो बेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप होता. साहेब त्याला 'ते पोरगं' म्हणत. त्या पोरग्याला काही येत नाही, ते यंत्राचं खोकंसुद्धा उघडत नाही, सह्या ठोकतं आणि पाचच्या ठोक्याला घर गाठतं, हे त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं होतं, दातांच्या डॉक्टरला सांगितलं होतं, केस कापणाऱ्यालाही सांगून झालं होतं. यातलं त्यांनी डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं. पण बघण्याची गरज दुसऱ्यांना पडते, साहेबांना नव्हे.

अशा माणसाच्या घरी एक दिवस टपालाने वाहतूक पोलिसांची नोटीस आली. पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर साठची मर्यादा असताना त्यांची गाडी अठ्ठ्याहत्तरच्या वेगाने गेली, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी. सोबत गाडीचा मागून घेतलेला फोटो. दंड असा काही नव्हता की माणसाने जेवण सोडावं. बायको म्हणाली, भरून टाका आणि मोकळे व्हा. साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला की समोरच्याची अक्कल काढली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्या सकाळी ते अठ्ठावन्नने चालले होते. हे त्यांना पक्कं आठवत होतं, कारण गाडी चालवताना ते रस्त्यापेक्षा मीटरकडेच जास्त बघत. आणि इथे त्यांच्या बाजूने एक सांगायलाच हवं, की ते खरं बोलत होते. सगळा जन्म दुसऱ्यांना खोटं पाडण्यात घालवलेल्या या माणसाच्या वाट्याला एकदाचा खराखुरा अन्याय आला होता, आणि तो त्यांना भलताच मानवला. ते पहाटे उठायला लागले. भूक वाढली. रंग उजळला म्हणायचंही धाडस कोणी केलं असतं.

कोर्टात द्यायचा अर्ज लिहायला त्यांनी नऊ दिवस घेतले आणि तो अकरा पानांचा झाला. मुद्दा एका पानाचा होता. वेग मोजणारं यंत्र हेही शेवटी मापच, आणि मापाला त्यांच्याच जुन्या खात्याचा दाखला लागतो. दाखल्याची मुदत एक वर्ष. त्यांना निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं, म्हणजे या यंत्राचा चालू दाखला त्या पोरग्याने दिलेला. आणि पोरग्याने दिलेला म्हणजे न तपासता दिलेला. दाखल्याची प्रत त्यांनी मागितली तेव्हा उत्तर आलं की मूळ दाखला सुनावणीच्या दिवशी कोर्टात दाखवला जाईल. साहेबांना त्यातही त्या पोरग्याची लपवाछपवी दिसली. सातव्या पानावर त्यांनी लिहिलं, 'माझ्या प्रदीर्घ अनुभवावरून मी ठामपणे सांगतो की सदर दाखला यंत्राचे खोके न उघडताच देण्यात आलेला आहे.' हे वाक्य त्यांनी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. कशाला कोणाच्या पोटावर पाय देता, एवढंच ती म्हणाली.

सुनावणीच्या दिवशी त्यांनी तिलाही सोबत घेतलं. आधाराला नव्हे. आपण त्या पोरग्याची सालटी काढताना बघायला घरचं कोणीतरी असावं म्हणून.

वाहतूक कोर्ट दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढून गेलं की लांबच लांब व्हरांडा, भिंतीला ठोकलेले बाक, साखळीने बांधलेला पेला असलेलं पाण्याचं मशीन, आणि शेवटी कारकुनाची जाळीची खिडकी. खिडकीवर नियमांचे कागद एकावर एक चिकटवलेले होते, सगळ्यात खालचा कुठल्या काळातला होता ते खिडकीलाही सांगता आलं नसतं. दहा वाजता बाक भरले होते. साहेबांनी फाइल छातीशी धरून सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि प्रत्येकाचं वजन करून टाकलं. गुन्हेगार, गुन्हेगार, बेपर्वा, दारुडा, गुन्हेगार. मग त्यातल्याच एका गुन्हेगाराशेजारी जागा होती तिथे ते बसले.

तो पंचेचाळिशीचा माणूस होता, बेकरीच्या गाडीवरचा ड्रायव्हर. पहाटे चारला ब्रेड भरून निघायचं आणि आठाच्या आत तीस दुकानांत पोचवायचा, हे त्याचं काम. वर्षात त्याला वेगाची ही दुसरी नोटीस. धंद्याची गाडी चालवणाऱ्याला दुसऱ्या वेळी नुसता दंड नाही, सहा महिने लायसन्स जमा. पण एक पळवाट होती, ती कारकुनानेच त्याला सांगितली होती. सुनावणीआधी कबुलीच्या कागदावर सही करून दिली तर दंड दुप्पट, पण लायसन्स राहतं. ही सोय साडेदहापर्यंत. बेकरीच्या मालकाने त्याला साफ सांगितलं होतं, लायसन्स घेऊन आलास तर गाडी तुझी, नाहीतर किल्ली टेबलावर ठेव. ड्रायव्हरने कबुलीचा कागद भरून आणला होता. फक्त सही राहिली होती आणि त्याचं पेन उमटत नव्हतं, म्हणून त्याने शेजारच्या साहेबांकडे पेन मागितलं. त्याऐवजी त्याने पलीकडच्या बाईंकडे मागितलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

साहेबांनी पेन द्यायच्या आधी कागद बघायला मागितला. तोच रस्ता, तोच दिवस, सकाळचे सात वाजून पाच मिनिटं. वेग अठ्ठ्याहत्तर. त्यांनी विचारलं, गाडी रिकामी होती का. ड्रायव्हर म्हणाला, अर्धी भरलेली होती, आणि ती गाडी उतारावर ढकलली तरी पासष्टच्या पुढे जात नाही, पण कोण ऐकतंय. साहेब उठले आणि बाकांवर विचारत फिरले. एक शाळेतल्या बाई, स्कूटरवाल्या, अठ्ठ्याहत्तर. एक फरशीवाला, अठ्ठ्याहत्तर. चौघं जण, चार गाड्या, एकच सकाळ, एकच आकडा. यंत्र अडकलेलं होतं, हे साखळीच्या पेल्यालाही कळलं असतं. साहेब परत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. समोरच्यांवरचा अन्याय बघून फुललेला तो चेहरा नव्हता, हे सांगायला नकोच.

"सही करू नका," ते ड्रायव्हरला म्हणाले. "ते यंत्र कोणी तपासलेलंच नाही, आणि ते मी आज सिद्ध करणार आहे. माझी केस तुमच्या आधी आहे. यंत्र बाद झालं की तुम्ही सगळे आपोआप सुटलात."

ड्रायव्हर कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, "साहेब, पण नाही झालं बाद तर? मला हे लायसन्स सोडून दुसरं काही नाही."

साहेबांनी त्याला आपली तेहतीस वर्षं ऐकवली, अर्जाचं सातवं पान वाचून दाखवलं, आणि कबुली देणारी माणसंच या देशाला खड्ड्यात घालतात असंही सुनावलं. बायको हळूच म्हणाली, त्यांना करू दे ना सही, तुम्ही तुमचं लढा. साहेबांनी चष्मा काढला. ड्रायव्हरला मुद्दे कितपत कळले कोण जाणे. पण फाइल होती, इस्त्रीचा शर्ट होता, आणि नकार ऐकायची सवय नसलेला आवाज होता. असल्या आवाजापुढे मान डोलवत त्याचा जन्म गेला होता. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. साडेदहाला कारकुनाने खिडकीचा कबुलीचा कप्पा लावून घेतला.

कोर्टाची खोली शाळेच्या वर्गाएवढी होती. न्यायाधीश बाईंना सर्दी झाली होती आणि टेबलावर रुमालांचं एक खोकं ठेवलेलं होतं. एका बाजूला वाहतूक पोलीस कागदांचा गठ्ठा घेऊन उभा होता. साहेबांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ते असे पुढे गेले की खुर्ची त्यांनाच द्यायची राहून गेली आहे असं वाटावं. त्यांना शपथ दिली गेली. त्यांनी पहिलं पान वाचायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, वाचू नका, मी वाचलंय. त्यांनी पानं उलटली आणि सातव्यावर थांबल्या. मग पोलिसाकडे हात पुढे केला. पोलिसाने गठ्ठ्यातून दाखला काढला, खिडकीच्या उजेडात धरून खात्री केली आणि दिला. बाईंनी तो पाहिला, पुन्हा सातवं पान पाहिलं, नाक पुसलं आणि दाखला साहेबांपुढे सरकवला.

"ही सही कोणाची?" त्यांनी विचारलं.

सही साहेबांची होती. शेवटच्या अक्षराची शेपटी ओळीखाली नेऊन परत वर वळवलेली, तशी सही दुसऱ्या कोणाच्या बापाला जमली नसती. वर खात्याचा गोल शिक्का होता आणि तो उलटा उमटला होता. साहेब दाखल्यावर मुदतीची ओळ शोधू लागले. तेव्हा बाईंनीच सांगितलं की या जातीच्या यंत्रांच्या दाखल्याची मुदत एक वर्षावरून दोन वर्षं केल्याला दीड वर्ष झालं. तसं पत्रक सगळ्या ऑफिसांना गेलं होतं. ते साहेबांच्या टेबलावरही आलं होतं. पण शेवटच्या महिन्यांत ते पत्रकं वाचत नसत. वरच्या ऑफिसात बसलेल्या दीडशहाण्यांचे कागद काय वाचायचे, म्हणून ते सगळे टेबलाच्या खालच्या खणात पडत.

तारीख त्यांच्या निवृत्तीच्या दिवसाची होती. आता त्यांना सगळं आठवलं. वेग मोजणारी अकरा यंत्रं त्या सकाळी खोक्यांत आली होती. एक यंत्र तपासायचं म्हणजे मोजून आखलेल्या रस्त्यावर न्यायचं, मीटर तपासलेली गाडी तीन वेगांनी पाच-पाच वेळा पळवायची, आकडे ताडून बघायचे. एकेका यंत्राला अर्धा दिवस. आणि खाली अंगणात खुर्च्या मांडून सगळं ऑफिस निरोपाच्या फोटोसाठी उभं होतं, फोटोवाला दोनदा बोलवून गेला होता. अकरा यंत्रं बाकी ठेवून जायचं म्हणजे ती त्या पोरग्याच्या हाती पडणार, आणि साहेबांनी काम अर्धवट टाकलं असं तो म्हणणार. म्हणून त्यांनी अकरा दाखल्यांवर आकडे मनाने भरले आणि सह्या केल्या. फोटोसाठी बायको चांगली साडी नेसून आली होती आणि टेबलापलीकडे बसली होती. लवकर उरकावं म्हणून तिनेच शिक्का उचलला आणि त्यांची सही झाली की एकेक कागद ओढून त्यावर मारत गेली. शिक्क्याची वरची बाजू कुठली हे तिला माहीत नव्हतं. अकराही उलटे उमटले, आणि ते तिच्या लक्षात आलं शेवटचा मारून झाल्यावर.

मागच्या बाकावर ती बसली होती. पोलिसाने दाखला खिडकीच्या उजेडात धरला तेव्हाच तिने शिक्का ओळखला होता.

"शपथेवर आहात, एवढं लक्षात ठेवून सांगा," बाई म्हणाल्या. "हे यंत्र तपासलं होतं की नव्हतं?"

उत्तर दोन अक्षरांचं होतं आणि ते साहेबांना येत होतं. नाही म्हटलं असतं तर यंत्र बाद, दंड माफ, मागे बसलेली तिन्ही माणसं मोकळी. अर्धवट उठून, पुढच्या बाकाची कड धरून ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत होता. साहेबांना तो दिसलाही. पण त्याच्याहून स्पष्ट त्यांना ते पोरगं दिसलं, चहाचा कप हातात धरून ऑफिसात ही हकीगत ऐकणारं. तेहतीस वर्षं ज्यांच्या तळहातावर त्यांनी वजनं ठेवली ते सगळे दुकानदार दिसले. पेन्शनचा विचार आला, नाही असं नाही, पण तो मागून आला. एक माणूस उपाशी मेला तरी चालेल, पण आपल्याला कोणी हसता कामा नये, असं त्यांच्या मनात शब्दांनी आलं नाही. शब्दांनी आलं असतं तर कदाचित त्यांना लाज वाटली असती.

"तपासलं होतं," ते म्हणाले. "मी स्वतः. पंधरा फेऱ्या."

पंधराचा आकडा कोणी मागितला नव्हता. बाईंनी विचारलं, मग या अर्जाचं काय करायचं. साहेब म्हणाले, मागे घेतो, यंत्र बरोबर असेल तर वेग माझाच जास्त असणार. बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. म्हणाल्या, रोज इथे माणसं स्वतःला वाचवायला वाटेल ते बोलतात, आपल्या सहीला जागून आपल्याच विरुद्ध बोलणारा माणूस त्यांनी बारा वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी दंड निम्मा केला. पोलिसाने साहेबांना सलाम ठोकला. आणि किळस यावी ती इथे. तो सलाम घेताना साहेबांची मान ताठ झाली. वर्गाएवढी ती खोली ओलांडून दारापर्यंत येईस्तोवर त्यांना त्या पंधरा फेऱ्या आठवायलाही लागल्या होत्या. ऊन होतं, रस्ता मोकळा होता, काटा एका रेघेवर स्थिर होता.

ड्रायव्हरची केस तीन मिनिटं चालली. त्याने गाडी पासष्टच्या पुढे जात नाही हे सांगून पाहिलं. चौघांचा आकडा एकच कसा, हेही विचारलं. बाई म्हणाल्या, यंत्राबद्दल तुमच्यासमोरच शपथेवर साक्ष झाली आहे, आणि तीही कोणाची, ते तुम्ही पाहिलंत. कबुली दिली असतीत तर लायसन्स राहिलं असतं. आता त्यांच्या हातात काही नव्हतं. सहा महिने. ड्रायव्हरने पाकिटातून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं आणि त्याखाली चिकटलेला मुलीचा फोटो सोडवून परत खिशात घातला.

बाहेर व्हरांड्यात साहेब बाकावर फाइल आवरत होते. जमेल तितक्या लवकर निघायचं होतं, पण अकरा पानं एका पाठोपाठ एक लावल्याशिवाय त्यांना उठवत नव्हतं. ड्रायव्हर येऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. साहेबांनी मनाशी दोन-तीन वाक्यं तयार केली, नियम, कायदा, तुमचंही चुकलंच. त्यांची गरज पडली नाही. ड्रायव्हर रागावलेला नव्हता. राग आला असता तर साहेबांना ते किती सोपं गेलं असतं.

"तुमचं काही चुकलं नाही साहेब," तो म्हणाला. "तुम्ही खोटं बोलू शकला असता. तुमच्यासारखा माणूस म्हणतो तपासलं, म्हणजे तपासलंच. माझंच लक्ष नसेल मीटरकडे. मला आपलं वाटायचं, गाडी जात नाही पुढे." तो शेजारी बसला आणि हाताच्या तळव्यांकडे बघत राहिला. आपण इतकी वर्षं किती जोरात गाडी हाकत होतो कोण जाणे, असं काहीतरी तो पुटपुटला.

साहेबांची बायको उभी होती. ती म्हणाली, "अहो, सांगा त्यांना."

साहेब पानं लावत राहिले.

मग तिनेच सांगितलं. तुमचं काही चुकलेलं नाही, ते खोकं उघडलेलंच नव्हतं, शिक्का मी मारला होता, मी तिथेच बसले होते. ड्रायव्हर आधी गोंधळला, मग समजुतीने हसला. संसार त्यालाही होता. ताई, असू द्या, म्हणाला, माझ्यासाठी वाईट वाटतंय तुम्हाला, पण साहेबांना असं चारचौघांत नका बोलू. तेवढा चांगला माणूस मिळत नाही. साहेबांनी मान हलवली. दुःखाने हलवली, बायकांच्या स्वभावाला काय करावं अशा अर्थाने. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्यांचं पुष्कळ काही गिळलं होतं, पण ती मान तिच्याने गिळवली नाही. तिने त्या दोघांकडे पाहिलं आणि सरळ कारकुनाच्या खिडकीकडे गेली.

त्या दिवशीच्या केसबद्दल कोणाला काही सांगायचं असेल तर कागद वर जायच्या आत खिडकीवर जबाब देता येत असे. कारकून लिहून घ्यायचा आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचा, कारण तसा नियम होता आणि कारकुनाला आवाज होता. बाकावर ड्रायव्हर साहेबांना सांगत होता की बेकरीच्या मालकाला तो सगळं खरं खरं सांगणार आहे, तुमचं बघूनच ठरवलं म्हणाला, जे झालं ते सांगायचं. साहेब हं हं करत होते आणि खिडकीकडे न बघायचा प्रयत्न करत होते. तिथून बायकोचा आवाज ऐकू येत नव्हता. ती हळू बोलायची, घरातही.

मग कारकून वाचू लागला. सगळा व्हरांडा भरेल असं. "निवृत्तीच्या दिवशी एकूण अकरा खोकी टेबलावर होती. त्यांतील एकही उघडण्यात आले नाही. आकडे बसल्या जागी भरण्यात आले. शिक्के मी स्वतः मारले, ते उलटे उमटले. फोटोसाठी खाली सगळे थांबले होते. बरोबर?"

"बरोबर," ती म्हणाली. हे ऐकू आलं.

कारकुनाने विचारलं, अकराही दाखल्यांचे शिक्के उलटे आहेत का, म्हणजे इतर दहा मागवून बघता येतील. ती म्हणाली, अकराही.

ड्रायव्हर मालकाबद्दल काहीतरी सांगत होता, तो वाक्याच्या मध्येच थांबला. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हातातलं सातवं पान आठव्याच्या खाली घातलं, मग काढून वर घातलं. ड्रायव्हरने खिशातला कबुलीचा कागद काढला, उलगडला, सहीची कोरी जागा पाहिली, आणि उठून खिडकीशी साहेबांच्या बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला. शाळेतल्या बाई आणि फरशीवालाही आपापले कागद घेऊन तिकडे सरकले.

कारकुनाने जाळीतून मान काढून विचारलं, दाखल्यांवर सही करणारे गृहस्थ कुठे भेटतील, त्यांनाही बोलवावं लागेल.

ड्रायव्हरने मागे वळून न बघता, हात लांब करून बाकाकडे बोट दाखवलं.